चिंचेखालची ग्रामसभा

एकट्या बाईनं प्रवास करायचा तर निसर्गसौंदर्य वगैरे सगळं नंतर. पहिला प्रश्न असतो तो बॅग कुणाच्या भरवशावर ठेवून मुतारीला जायचं हा. शिरूरच्या एसटी स्टँडवर मी तो भेळवाल्याच्या मदतीनं सोडवला. आधी त्याची ओली भेळ खाल्ली, तिखटानं नाकाडोळ्यांतून पाणी काढलं आणि मग बॅग त्याच्या गाड्याखाली सरकवली. "जावा बिनघोर," तो म्हणाला. मी बिनघोर गेले आणि परत आले तर माझी एसटी तेवढ्यात निघून गेलेली. त्यानं बॅग मात्र इमानानं सांभाळली होती. गाडी सांभाळायला मी सांगितलं नव्हतं, हेही खरंच.

पुढची गाडी दुपारनंतर होती. अशा वेळी लोक घरी फोन करतात, "अगं, गाडी चुकली," म्हणतात आणि पलीकडून कुणीतरी रागावतं. मीही फोन हातात घेतला, त्यात चार्जिंग किती आहे ते पाहिलं आणि ठेवून दिला. बाकावर माझ्या शेजारी एक बाई कोंबडीला पिशवीत बसवून बसली होती. कोंबडीचं डोकं बाहेर होतं. आम्ही तिघी बराच वेळ गप्प बसलो.

मी कुठं निघाले होते ते सांगते. गेलं वर्षभर मी अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या वस्त्यांवरचं एक पुस्तक मराठीत आणते आहे. कारखान्याच्या कुंपणाला टेकून घरं, अंगणात पडणारी काजळी, शहराचा कचरा नेमका यांच्याच दारात. आणि ही माणसं सभांमध्ये उभी राहून त्याबद्दल कशी बोलत गेली, याची ती हकिकत आहे. पुण्यात बचत गटाच्या बायकांच्या एका शिबिरात मला त्यावर बोलायला बोलावलं होतं. मी बोलले. बायका ऐकताहेत असं दाखवत होत्या. चहाच्या वेळी एक उंच, सावळी, चाळिशीतली बाई कप घेऊन माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "तुमी सांगितलं ते आमच्या गावचंच हाय. फक्त आमी काळे न्हाई, आमी ओढ्याच्या अंगाचे." ती सुशीला. तिची माझी ओळख म्हणाल तर दोन चहांची. पंधरवड्यानं तिचा फोन आला की गावात विशेष ग्रामसभा लागली आहे, यायचं तर आत्ता या. मला असं कुणी बोलावून बरीच वर्षं झाली होती. मी लगेच हो म्हणाले.

गावाचं नाव लिहीत नाही. सुशीलाला तिथंच राहायचं आहे.

शेवटी मिळालेली गाडी निमोणे गावावरून जाणारी होती. दोन्ही बाजूंना कांद्याची लागवड चालली होती. वाफ्यांत ओणवलेल्या बायकांच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या. थंडीचे दिवस, ऊन उतरतं. शेजारी पांढऱ्या टोपीतले एक म्हातारे बागायतदार होते. त्यांनी मला आग्रहानं पेरू दिला, कालव्याला पाणी कधी सुटतं ते सांगितलं, नातवाच्या पुण्यातल्या कॉलेजची चौकशी केली. फार मोकळा माणूस. मग विचारलं, "कुनाकडं चाललाय म्हनायचं?" मी सुशीलाचं नाव सांगितलं. त्यांनी आडनाव विचारलं. मी तेही सांगितलं. "आसं व्हय," ते म्हणाले, "ओढ्याच्या अंगाला," आणि खिडकीबाहेर बघू लागले. वाईट असं एक अक्षर बोलले नाहीत. भीमेवरचा पूल आला, ओलांडला, दौंड तालुका लागला, तरी त्यांनी मान वळवली नाही. पेरू माझ्या हातातच होता. मला इतका संताप आला की मी तो त्यांच्या शेजारी बसून शेवटच्या बीपर्यंत कचाकचा खाल्ला.

गाव दिसायच्या आधी त्याचा वास येतो. आंबट, कुजकट, घशाला चिकटणारा. गावाच्या वरच्या बाजूला मळीपासून स्पिरिट काढायचा एक छोटा कारखाना आहे; त्याला सगळे 'प्लांट' म्हणतात. मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा पाक. तिच्यातून स्पिरिट निघालं की जे सांडपाणी उरतं ते ओढ्यात येतं. ओढा गावाला वळसा घालून खाली उतरतो आणि पहिला लागतो तो बौद्ध वस्तीला. जुन्या गावांची मांडणीच तशी आहे: पाणी ज्या अंगाला उतरतं, वारा जिकडं वाहतो, त्या अंगाला यांची घरं. ती मांडणी करताना प्लांट कुणाच्या स्वप्नात नव्हता, पण आल्यावर त्याला सगळं आयतं मिळालं. ओढ्यातलं पाणी काळ्या चहासारखं होतं आणि त्यावर पिवळट फेस होता.

सुशीला फाट्यावर उभी होती. "जय भीम ताई," म्हणाली आणि माझी बॅग माझ्या हातून काढून घेतली. तिचा नवरा चाकणला कंपनीत, पंधरा दिवसांनी घरी येतो. मुलगी नर्सिंगला. घरात ती आणि तिचे चुलत सासरे, आप्पा. बायको गेल्यापासून आप्पा हिच्याच हातचं जेवतात. ऐंशीच्या घरातले, काठीसारखे ताठ, डोळ्यांना जाड भिंगं. वस्तीत त्यांचा शब्द मोडत नाहीत.

चहा जारच्या पाण्याचा होता. वस्तीची विहीर मी पाहिली. तिचं पाणी भांड्यात धरलं की तांबूस दिसतं आणि तासाभरात तळाशी साका बसतो. भांडी त्यानंच घासतात, अंघोळीला तेच, मग अंगाला खाज. प्यायला विकतचा जार. ज्या दिवशी जारवाला येत नाही त्या दिवशी तेही विहिरीचंच, उकळून. इतकी वर्षं वस्तीनं अर्ज केले, पण नळी फुंकिली सोनारे! आणि आता प्लांटला सांडपाण्याचं तळं खोदायला गायरान (गावाची चराऊ जमीन) हवं होतं. गायरान विहिरीला लागून. तळं झालं की विहीर संपली, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा, आणि ती सभा दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

"मग तुम्ही सगळे जाऊन विरोध करा की," मी म्हणाले. पुण्याहून येणाऱ्याला सगळं सोपं वाटतं.

सुशीला भाकरी थापत होती. तिनं मलाच उलट विचारलं, "तुमच्या पुस्तकातली ती मान्सं, त्यांची सभा कुठं भरती?"

"बहुतेक वेळा चर्चमध्ये."

"कुनाच्या?"

"त्यांच्याच. त्यांची वेगळी असतात."

"मग बरं हाय की त्यांचं," ती म्हणाली. "आमची भरती ती दुसऱ्याच्या देवळात."

मग तिनं मला सगळं सांगितलं. ग्रामसभा पहिल्यापासून मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात भरते. वस्तीतली माणसं देवळात जात नाहीत. अडवत कुणी नाही. आता तर सरपंच हात जोडून म्हणतात, देऊळ सगळ्यांचं आहे, या की आत. पण वस्तीनं दीक्षा घेतली तेव्हाच ठरवलं की जायचं नाही. म्हणून सभेच्या दिवशी ही सगळी देवळासमोरच्या चिंचेखाली बसतात. कर्ण्यातून आतलं बोलणं बाहेर येतं, ते ऐकतात. ठरावाला हात मोजले जातात ते मंडपातले. सभा शाळेत घ्या, असं वस्तीनं अनेकदा सुचवलं. उत्तर एकच: आत यायला कोण नको म्हणतंय? आणि खरंच, कुणी नको म्हणत नव्हतं. सरळ नको म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं.

जेवायला बाजरीची भाकरी आणि सुकटाची (वाळवलेल्या बारीक मासळीची) चटणी होती. तुम्ही खाता का, असं सुशीलानं दोनदा विचारलं. मी तिसरी भाकरी घेतली तेव्हा कुठं तिची खात्री पटली. आप्पा माझ्यासमोर बसले होते. मी तोंड आवरायला हवं होतं, पण मला ते कधी जमलंय? मी विचारलं, "आप्पा, एकदाच आत जाऊन हात वर केला तर?"

त्यांनी घास खाली ठेवला. "मी ल्हान हुतो तवा पाऊस चुकवाया त्या पायरीवर उभा ऱ्हायलो. तेवढ्यासाठी माझ्या बापाला गावापुढं नाक घासाया लावलं. पुढं दीक्षा घेतली तवा बाप म्हनला, आता त्यांनी पालखीतनं न्हेलं तरी त्या पायरीला पाय लावायचा न्हाई. तवा चढू दिलं न्हाई, आन् आता त्यांच्या सोयीनं चढायचं व्हय?"

"आणि पाणी?"

"पानी बी पायजे," ते म्हणाले. "न्हाई कोन म्हनतंय?"

त्यांनी घास परत उचलला. मला वाटलं, ह्यांचं बरोबर आहे. आणि विहीर जाणार हेही मला दिसत होतं. सुशीला चुलीपाशी पाठमोरी होती. मी अंथरुणावर पडले तेव्हा खिडकी बंद असूनही तो आंबट वास आत येत होता, आणि मला उगीचच माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वच्छ, रिकाम्या खोल्यांची लाज वाटली.

सकाळी आम्ही निघालो. बायकांनी अर्धा दिवस रोजगार बुडवला होता. कांद्याच्या लागवडीला पोचवणारा टेम्पो दुपारी देवळापाशीच येणार होता, म्हणून फडक्यात भाकरी बांधून आणलेल्या. देवळाचा मंडप नवा, चकचकीत फरशीचा, सरकत्या काचांच्या खिडक्या लावलेला. पंखे होते, खुर्च्या होत्या. सरपंच, तरणाबांड, फार गोड बोलणारा गडी, मला पाहून स्वतः पायऱ्या उतरून आला. "मॅडम, आत बसा, चहा घ्या." मी म्हटलं, मी यांची पाहुणी, इथंच बसते. त्यानं माझ्यासाठी बाहेर खुर्ची पाठवली. सगळे जमिनीवर आणि मी एकटी खुर्चीवर, असं झालं. मी उठून खाली बसले तर एका म्हातारीनं मला परत वर बसवलं. ना इकडची ना तिकडची, अशी मी त्या खुर्चीत अवघडून राहिले.

वारा होता म्हणून आतल्यांनी काचा लावून घेतल्या. कर्णा चिंचेवर बांधलेला, त्यामुळे आतलं अक्षरन् अक्षर आमच्या डोक्यावर आदळत होतं. आमचं बोलणं मात्र आत पोचणं शक्य नव्हतं. स्मशानभूमीचं कुंपण, रस्त्याचे दिवे असे विषय झाले. प्रत्येकाच्या शेवटी ग्रामसेवकाचा कंटाळलेला आवाज यायचा, "सर्वानुमते मंजूर." ग्रामसेवकाला इथं भाऊसाहेब म्हणतात. मग गायरानाचा विषय निघाला. प्लांट गावाला काय काय देणार ते सरपंचानं सांगितलं. आत टाळ्या झाल्या. चिंचेखाली कुणी हललं नाही. आप्पा काठीवर हनुवटी टेकून बसले होते.

सुशीला उठली.

तिनं पदर खोचला आणि कुणाकडं न बघता चालू लागली. शेजारच्या बाईनं तिचा पदर धरून म्हटलं, "सुशे, कशाला हात दाखवून अवलक्षण?" तिनं तो सोडवून घेतला. पायऱ्यांपाशी थांबली, चपला काढल्या आणि वर चढली. आप्पांनी तोंड फिरवलं. म्हातारपणी माणसाचा चेहरा इतका बंद होताना मी पाहिला नव्हता. हिला इथंच राहायचं आहे, हे मला तेव्हा नीट कळलं.

कर्ण्यातून आधी खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मग भाऊसाहेब, नेहमीच्या चालीवर: "विरोधात कुणी नाही, तरी सर्वानु…"

"माझा विरोध हाय." कर्ण्यातून सुशीलाचा आवाज फाटल्यासारखा आला. "मी देवाकडं आले न्हाई. मी ग्रामसभेकडं आले. तळं झालं तर आमची हीर जाती. माझा हात मोजा."

काचेतून ती पाठमोरी दिसत होती. उजवा हात वर, अगदी सरळ. आत कुणीतरी हसलं.

आणि माझ्या शेजारी काठी पडल्याचा आवाज झाला. आप्पांनी काठी टाकून हात वर केला होता. तो खाली येऊ नये म्हणून त्यांनी दुसऱ्या हातानं धरून ठेवला. मग ती म्हातारी. मग पदर धरणारी बाई. मग चिंचेखालचे सगळेच, कडेवर पोर असलेल्यांनी मोकळा हात. "आमचे बी मोजा," बायका ओरडत होत्या, पण डोक्यावर कर्णा बोलत होता आणि काचा बंद होत्या. माझाही हात वर गेला. मी त्या गावची मतदार नाही, मला काही अधिकार नाही, गेला खरा. सरपंच खिडकीपाशीच उभा होता. त्यानं बाहेर पाहिलं. मी शपथेवर सांगते, त्यानं पाहिलं आणि मान वळवली.

कर्ण्यातून भाऊसाहेब म्हणाले, "विरोध एक. बहुमताने मंजूर."

हात थोडा वेळ तसेच राहिले, मग एकेक करून खाली आले. टेम्पो येऊन भोंगा वाजवत होता, मुकादम घाई करत होता. बायका भाकऱ्या उचलून त्यात चढल्या. आप्पांना मी काठी उचलून दिली. ते एकटेच ओढ्याच्या वाटेला लागले.

सुशीलानं आत विरोधाचा लेखी अर्जही दिला होता; त्याची पोच घ्यायला तिला थांबवून ठेवलं होतं. ती बाहेर आली तेव्हा चिंचेखाली फक्त मी आणि माझी खुर्ची. पायऱ्यांवर एक जण तिला म्हणाला, "आलीच हुतीस तर दर्शन तरी घ्यायचं." तिनं चपला घातल्या, रिकाम्या चिंचेकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "चला ताई, अर्जाची नक्कल तहसीलला आजच दिली पायजे." वडाप (भाड्याची खाजगी जीप) उभीच होती, सभेतून सुटलेल्या माणसांनी खच्चून भरलेली. दौंडपर्यंत आम्ही दोघी एकमेकींच्या मांडीवर बसल्यासारख्या बसलो आणि एक शब्द बोललो नाही. मला वाटलं, ती दमली आहे.

कचेरीत नक्कल दिली, शिक्का मिळाला. माझ्या पुण्याच्या गाडीला वेळ होता, म्हणून आम्ही स्टेशनवर बाकड्यावर बसून वडापाव खाल्ला. दौंड मोठं जंक्शन. गाड्या येतात, बदलतात, जातात, आणि मध्ये मध्ये फलाट इतका ओस पडतो की आपलाच चहाचा घोट ऐकू येतो. अशा एका मधल्या वेळात सुशीला म्हणाली, "आता घरी जायचं तर पाय उचलत न्हाई ताई. आप्पा माझ्या हातचं जेवतील का न्हाई, कुनाला ठावं. बायका बी निघून गेल्या. एकीनं वाट बघितली न्हाई."

मी तिच्याकडं बघतच राहिले. "तुम्ही पाहिलं नाहीत?"

"काय?"

"काचेतून. मागं."

"मागं कशाला बघते? मागं बघितलं आसतं आन् कुनी नसतं, तर हात खाली आला आसता माझा."

मला वाटलं होतं, तिला माहीत आहे. काच होती ना, भिंत नव्हती! इतका वेळ ही बाई मनाशी एकटीच त्या मंडपात उभी होती आणि मी शेजारी बसून ती दमली आहे असं समजत होते. मी तिला सांगितलं. सगळ्यांचे हात सांगितले, बायकांचं ओरडणं सांगितलं.

"आप्पांचा बी?" तिनं विचारलं.

"सगळ्यात आधी आप्पांचा."

तिनं पदर तोंडाशी नेला. मला वाटलं, रडेल, आणि खरं सांगायचं तर मीच डोळे पुसत होते. तिनं पदर खाली घेतला तेव्हा तिचे डोळे कोरडे होते.

"मग मोजले का न्हाईत?" ती म्हणाली.

उत्तर तिला माझ्याकडून नकोच होतं. ती उठलीच होती. "कचेरी अजून उघडी आसंल. अर्जात त्यांची नावं घालायची ऱ्हायली," एवढं म्हणून ती जिन्याकडं निघाली. तोंडानं नावं घेत होती. बोटांची पेरं मोजत, आप्पांपासून. मला निरोप द्यायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. पुलावर चढेपर्यंत ती दिसत होती, मग दिसली नाही. फलाटावर मी एकटी उरले. पण इतक्या आनंदानं मला आजवर कुणी विसरलं नव्हतं.

गाडीत खिडकी मिळाली. पाटसच्या बाजूचे उसाचे फड मागं गेले, मग यवत, उरुळी, मग दिवे लागलेल्या इमारती. ते पुस्तक मी पुढं नेईन. त्यात सभेला आलेल्यांचे आकडे असतात, आणि मी ते आजवर जसेच्या तसे मराठीत उतरवत आले. ते आकडे मोजणारा कुठं उभा होता, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या गावच्या ठरावात विरोध एक असं लिहिलं आहे. सुशीलाची नावं तहसीलदार वाचतील की नाही, मला माहीत नाही. पण मी त्या चिंचेखाली होते, म्हणून इथं लिहून ठेवते: हात एक नव्हता.